फेसबुकवर ‘पिस्तूल घरपोच’ : असा विक्रेता खरा की खोटा, हे कसं ओळखायचं?

‘ओरिजनल माल. ऑल इंडिया डिलिव्हरी. निम्मे पैसे आधी, निम्मे माल हातात आल्यावर. फक्त गरजूंनीच इनबॉक्स करा.’

खाली टेबलावर मांडलेल्या पिस्तुलांचा फोटो, शेजारी काडतुसांची रास आणि एक व्हॉट्सअॅप नंबर. फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा टेलिग्रामवर वावरणाऱ्या अनेकांच्या नजरेखालून अशी पोस्ट कधी ना कधी गेलेली असते. एखाद्या कुख्यात टोळीचं नाव लावलेलं प्रोफाइल, मागे दणदणीत गाणं, आणि कमेंटमध्ये ‘भाऊ, रेट सांगा’ म्हणणाऱ्यांची रांग.

बहुतेक जण पाहून पुढे जातात. काही थांबतात. कुणाला जमिनीच्या वादात धमकी आलेली असते, कुणाला रात्री एकट्याने दुकान बंद करायची भीती वाटते, कुणाला रानडुकरांनी जेरीस आणलेलं असतं, तर कुणाला रील काढायची असते. कारण काहीही असो, थांबलेल्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो एकच. हा माणूस विश्वासू आहे का? पैसे पाठवले तर वस्तू येईल का?

मोबाइल किंवा शूज घेताना हा प्रश्न बरोबर असतो. बंदुकीच्या बाबतीत मात्र प्रश्नच चुकतो. इथे विक्रेता खोटा निघाला तर पैसे जातात आणि खरा निघाला तर तुरुंगाची वेळ येते. हे असं का, परवाना असलेल्या माणसाने विक्रेता कसा तपासावा आणि पैसे गेलेच असतील तर काय करावं, ते समजून घेऊया.

भारतात बंदूक ऑनलाइन विकत घेता येते का?

थोडक्यात उत्तर : कार्टमध्ये टाका, पैसे भरा आणि कुरिअर घरी येऊ द्या, अशा पद्धतीने नाही.

भारतात बंदुकांचा सगळा व्यवहार शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांच्याखाली चालतो. कायद्याचं कलम ३ सांगतं की परवान्याशिवाय बंदूक किंवा दारूगोळा घेता येणार नाही आणि जवळ बाळगताही येणार नाही. कलम ५ विकणाऱ्यासाठी आहे. शस्त्रं बनवायला, विकायला, दुरुस्त करायला, इतकंच काय, विक्रीसाठी मांडायलाही वेगळा परवाना लागतो.

म्हणजे इथे दोन परवाने समोरासमोर यावे लागतात, घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा. विक्रेत्याने ग्राहकाचा मूळ परवाना पाहायचा, त्यावर कोणत्या प्रकारच्या शस्त्राला परवानगी आहे ते तपासायचं, आपल्या नोंदवहीत लिहायचं आणि शस्त्राचा क्रमांक परवान्यावर चढायचा, असा हा क्रम आहे. यातली कुठलीच पायरी इनबॉक्समध्ये होत नाही.

काही अधिकृत उत्पादक आणि दुकानदारांची संकेतस्थळं असतात, हे खरं. तिथे मॉडेल, बोअर, किंमत अशी माहिती मिळते, चौकशीही करता येते. पण शस्त्राचा ताबा मिळतो तो परवाना तपासूनच. ऑनलाइन माहिती देणं आणि ऑनलाइन शस्त्र देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खोटे विक्रेते नेमका हाच फरक पुसून टाकतात.

आणखी एक गैरसमज अमेरिकी सिनेमांमुळे आणि व्हिडिओंमुळे पसरला आहे. तिथे शस्त्र बाळगणं हा राज्यघटनेने दिलेला हक्क आहे. भारतात तसा मूलभूत हक्क नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका प्रकरणात विनापरवाना शस्त्रांची स्वतःहून दखल घेताना सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. के. एम. जोसेफ आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या पीठाने हाच फरक अधोरेखित केला होता. आपल्याकडे शस्त्र ही सरकार कारण तपासून देतं अशी परवानगी आहे.

फसवणूक कशी चालते?

या सापळ्याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात.

पहिली पायरी विश्वासाची. प्रोफाइलवर पिस्तूल फिरवणाऱ्या हातांचे व्हिडिओ असतात. हे व्हिडिओ दुसऱ्याच कुणाच्या खात्यावरून, कधी परदेशी चॅनेलवरून उचललेले असतात. सोबत ‘समाधानी ग्राहकां’चे स्क्रीनशॉट असतात. ते बनवायला मिनिटं लागतात.

दुसरी पायरी टोकनची. मागितलेली रक्कम फार मोठी नसते. ‘बुकिंगपुरते दोन-तीन हजार’ हा आकडा मुद्दाम छोटा ठेवलेला असतो, कारण तेवढे गेले तरी माणूस पोलिसांत जाणार नाही, असा हिशेब असतो.

तिसरी पायरी वाढत्या खर्चाची. टोकन गेलं की पॅकिंगचा खर्च येतो, मग कुरिअरचा, मग ‘चेकपोस्टवर द्यावे लागतात’ म्हणून आणखी काही. प्रत्येक वेळी आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरतो.

चौथी पायरी सगळ्यात घातक. अचानक दुसऱ्या नंबरवरून फोन येतो. डीपीवर खाकी वर्दी. ‘तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय. हत्यार सापडलंय. गुन्हा दाखल करू की इथेच मिटवायचं?’ आता माणूस खरंच घाबरतो, कारण त्याने खरंच ऑर्डर दिलेली असते.

इतर ऑनलाइन फसवणुकीत आणि यात फरक आहे तो इथे. खोट्या मोबाइल विक्रेत्याने फसवलेला माणूस बिनधास्त तक्रार करतो. बंदुकीच्या नावाखाली फसलेला माणूस गप्प बसतो. ‘तक्रार करायला गेलो तर मलाच विचारतील, बंदूक कशाला हवी होती?’ ही भीती हेच या धंद्याचं भांडवल आहे.

म्हणूनच या बाजारात ‘रिव्ह्यू’ला काही अर्थ उरत नाही. फसलेले लोक रिव्ह्यू लिहीत नाहीत आणि ज्यांना खरंच बेकायदा शस्त्र मिळालं तेही लिहीत नाहीत. मग दिसणाऱ्या चांगल्या प्रतिक्रिया लिहितं कोण? उत्तर तुम्हीच काढा.

आणि पिस्तूल खरंच आलं तर?

समजा, शंभरातला एक विक्रेता ‘प्रामाणिक’ निघाला. म्हणजे पैसे घेतले आणि गावठी पिस्तूल खरंच दिलं. तेव्हा अडचण संपत नाही, सुरू होते.

डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि शिक्षा वाढल्या. विनापरवाना बंदूक घेणं किंवा बाळगणं यासाठी आधी एक ते तीन वर्षं शिक्षा होती, ती दोन ते पाच वर्षं झाली, शिवाय दंड. प्रतिबंधित प्रकारचं शस्त्र असेल तर शिक्षा सात ते चौदा वर्षं. बेकायदा शस्त्र बनवणाऱ्याला, विकणाऱ्याला किंवा विक्रीसाठी देऊ करणाऱ्याला किमान सात वर्षं ते जन्मठेप.

यातले दोन शब्द नीट वाचण्यासारखे आहेत, ‘प्रतिबंधित’ आणि ‘देऊ करणं’.

कोणतं शस्त्र प्रतिबंधित, हे दिसण्यावरून कळत नाही. सैन्य आणि पोलिस वापरतात ती ९ मिलिमीटरची पिस्तुलं सर्वसामान्य नागरिकांसाठी प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात. परवानाधारक नागरिकाला मिळतं ते साधारणपणे ०.३२ किंवा ०.२२ सारख्या अप्रतिबंधित बोअरचं. ऑनलाइन जाहिरातीत सर्रास ‘नाइन एमएम’ लिहिलेलं असतं. म्हणजे जाहिरात स्वतःच सांगत असते की हा माल कायद्याने विकताच येत नाही.

‘देऊ करणं’ हा शब्द रील काढणाऱ्यांसाठी महत्त्वाचा. ‘कुणाला हवं असेल तर सांगा’ असं गंमत म्हणून लिहून पिस्तुलाचा फोटो टाकणारा तरुण विक्रेत्यांच्या कलमात ओढला जाऊ शकतो. शिवाय विक्रेत्याकडे परवाना नाही हे माहीत असूनही त्याच्याकडून शस्त्र घेणं, हा कलम २९ खाली वेगळा गुन्हा आहे. ‘मला वाटलं सगळं कायदेशीर असेल’ हा बचाव अवघड आहे, कारण मुळात स्वतःकडेच परवाना नसतो.

अशा पिस्तुलाचा इतिहासही घेणाऱ्याला माहीत नसतो. पुणे आणि खानदेशातल्या पोलिस कारवायांत मध्य प्रदेशच्या बडवानी जिल्ह्यातल्या उमर्टी गावाचं नाव वारंवार येतं. बिहारचं मुंगेरही याच कारणाने ओळखलं जातं. अशा भट्ट्यांवर बनलेल्या शस्त्राला चाचणीचा शिक्का नसतो. ते हातात फुटू शकतं. आणि ते तुमच्याकडे येण्याआधी एखाद्या गुन्ह्यात वापरलं गेलं असेल, तर त्या गुन्ह्याचा माग थेट तुमच्या दारात येतो.

परवाना आहे. मग विक्रेता कसा तपासायचा?

आता कायदेशीर ग्राहकाकडे वळूया. असे लोक महाराष्ट्रात कमी नाहीत. बँकांबाहेरचे सुरक्षारक्षक, सराफ, नेमबाजीचे खेळाडू, आणि कोकणातले शेतकरी. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेल्या बंदुका अनेक घरांत आहेत. निवडणूक जाहीर झाली की त्या पोलिस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, ही तिथली नेहमीची बातमी. पीकसंरक्षणासाठीच्या ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख तर खुद्द कायद्यातच, कलम १३ मध्ये आहे.

अशा ग्राहकाने ऑनलाइन दिसलेल्या दुकानाची खातरजमा अशी करावी :

१. परवाना मागा. शस्त्रविक्रेत्याचा परवाना हा विशिष्ट व्यक्तीच्या किंवा फर्मच्या नावावर आणि विशिष्ट जागेसाठी असतो. परवाना क्रमांक, तो देणारं कार्यालय आणि मुदत विचारा. खरा दुकानदार हे सांगायला कचरत नाही. ‘आम्ही होलसेलवाले आहोत, परवाना लागत नाही’ असं उत्तर आलं की विषय संपला.

२. त्या कार्यालयात विचारा. पोलिस आयुक्तालय असलेल्या शहरांत परवान्यांचं काम पोलिस आयुक्तांकडे असतं, इतरत्र जिल्हाधिकारी म्हणजेच जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे. दुकान ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या परवाना शाखेत एक फोन किंवा चक्कर, याला पर्याय नाही. तुमचा स्वतःचा परवाना जिथून निघाला तिथेही परिसरातल्या अधिकृत दुकानांबद्दल विचारता येतं.

३. जीएसटी क्रमांक तपासा, पण तिथेच थांबू नका. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर क्रमांक टाकला की व्यवसायाचं नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे फुकट दिसतं. नाव जुळलं नाही तर धोका स्पष्ट आहे. मात्र जुळलं म्हणजे शस्त्र विकण्याचा परवाना आहे, असं होत नाही. जीएसटी नोंदणी किराणा दुकानाकडेही असते.

४. खरं दुकान, खरा पत्ता, खरी वेळ. शस्त्राचं दुकान हे पाटी असलेलं, कुलपाचं, पोलिसांना माहीत असलेलं ठिकाण असतं. ‘हायवेवर भेटू’, ‘स्टँडवर माणूस पाठवतो’ असं म्हणणारा दुकानदार नसतो.

५. पेजचा जन्मदाखला पाहा. फेसबुक पेजच्या ‘पेज ट्रान्स्परन्सी’ या भागात पेज कधी सुरू झालं, त्याची नावं किती वेळा बदलली आणि ते कोणत्या देशातून चालवलं जातं, हे कळतं. ‘तीस वर्षांची परंपरा’ सांगणारं पेज दोन महिन्यांपूर्वी एखाद्या मीम पेजचं नाव बदलून सुरू झालेलं असेल, तर आणखी पुरावा कशाला हवा?

६. फोटो उलटा शोधा. गुगल लेन्समध्ये फोटो टाकला की तो आधी कुठे कुठे वापरला गेला ते दिसतं. तोच फोटो पाच वेगवेगळ्या ‘दुकानां’च्या पेजवर असेल तर ती पाचही दुकानं एकाच मोबाइलमध्ये असण्याची शक्यता आहे.

७. पैसे कुणाच्या नावावर जातात? यूपीआयने पैसे पाठवताना समोर खातेदाराचं नाव येतं. दुकानाचं नाव एक आणि खातेदार भलताच कुणी, तर थांबा. अशी खाती अनेकदा भाड्याने घेतलेली असतात. आणि पैसे ‘परत मिळवण्यासाठी’ कुणी क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकायला सांगत असेल तर लक्षात ठेवा, यूपीआय पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी नाही.

८. तुम्हाला प्रश्न विचारले जातात का? ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात खात्रीची कसोटी. खरा विक्रेता आधी तुमची चौकशी करतो. परवाना कुठला, त्यावर कोणत्या शस्त्राची नोंद आहे, मुदत किती, विशिष्ट ओळख क्रमांक म्हणजे यूआयएन काय आहे? प्रत्येक शस्त्रपरवान्याची नोंद राष्ट्रीय डेटाबेसमध्ये असते आणि तिचा हा क्रमांक असतो. यातलं काहीही न विचारता थेट ‘किती पीस हवेत’ विचारणारा माणूस स्वतःची ओळख स्वतःच देत असतो.

शस्त्र प्रत्यक्ष हातात आल्यावर आणखी एक गोष्ट पाहायची असते. त्यावर उत्पादकाचं नाव आणि क्रमांक कोरलेला हवा. क्रमांक घासलेला, बदललेला असेल तर तो कलम ८ चा भंग आहे. बिलावरचा, शस्त्रावरचा आणि परवान्यावरचा क्रमांक एकच असल्याशिवाय दुकानाबाहेर पडू नका.

ओळखीच्याची जुनी बंदूक घेता येते का?

‘काकांची बंदूक पडून आहे, विकायची आहे’ अशी पोस्ट गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही येते. यात विकणारा खरा असतो, बंदूकही खरी असते. तरी रस्ता सरळ नाही.

स्वतःच्या वापरासाठी कायदेशीररीत्या घेतलेली बंदूक परवानाधारकाला विकता येते. पण विकण्याआधी त्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला, कुणाला विकतोय याच्या तपशिलासह लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागतं. घेणाऱ्याकडे त्या प्रकारच्या शस्त्राचा परवाना असावाच लागतो. ‘आत्ता घेऊन जा, कागद नंतर करू’ हे वाक्य जिवलग मित्राच्या तोंडून आलं तरी नाही म्हणायला हवं.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीकडे तीनऐवजी जास्तीत जास्त दोनच बंदुका असू शकतात. त्यामुळे जुन्या बंदुका विकणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी आपली संख्याही मोजून घ्यावी. २१ वर्षांखालच्या व्यक्तीला, नेमबाजीच्या प्रशिक्षणासारखे अपवाद सोडले तर, बंदूक बाळगताच येत नाही.

एअरगन, तलवार, खंजीर : ‘हे तर ऑनलाइन मिळतं ना?’

मिळतं. पण मिळतं म्हणजे चालतं असं नाही.

एअरगनच्या बाबतीत शस्त्र नियम २०१६ मध्ये एक रेष आखलेली आहे. छर्‍याची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त असेल किंवा नळीचा व्यास ०.१७७ इंचापेक्षा, म्हणजे सुमारे ४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर परवाना लागतो. म्हणून घेताना हे दोन आकडे बिलावर किंवा कंपनीच्या पत्रकावर लेखी मागा. ‘सुपर पॉवर’, ‘डबल स्प्रिंग’ असले शब्द जाहिरातीत चालतात, पोलिस ठाण्यात नाहीत. आणि परवाना लागत नसलेल्या एअरगनने पक्षी मारणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, हे वेगळंच.

धारदार शस्त्रांचंही तसंच. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं नियमांत येतात. घरगुती, शेतीची किंवा कारखान्यातली अवजारं यातून वगळली आहेत. शोभेची म्हणून मागवलेली तलवार मिरवणुकीत नाचवली की ती शोभेची राहत नाही. मे २०१८ मध्ये औरंगाबादमध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, ई-कॉमर्सवरून मागवलेल्या तलवारी आणि सुरे पोलिसांनी जप्त केले होते. मागवणाऱ्यांची नावं आणि पत्ते ऑर्डरमध्येच होते. ऑनलाइन खरेदीची ही बाजू कुणी लक्षात घेत नाही. आपली संपूर्ण नोंद आपणच तयार करून देत असतो.

परवानाच विकणारे ‘एजंट’

बंदूक नाही तर परवाना तरी, असं म्हणणारी दुसरी टोळी आहे. ‘पंधरा दिवसांत ऑल इंडिया परवाना, तुमच्या जिल्ह्यात यायची गरज नाही.’ अशा कागदाचा परिणाम काय होतो, याचं मोठं उदाहरण जम्मू-काश्मीरचं आहे. २०१२ ते २०१६ या काळात तिथे २.७८ लाखांहून अधिक शस्त्रपरवाने अपात्र व्यक्तींना दिल्याच्या आरोपांचा तपास सीबीआयने हाती घेतला. जुलै २०२१ मध्ये छापे पडले. ज्यांनी ‘खरा’ परवाना पैसे देऊन घेतला होता, त्यांच्या हातातला कागदच संशयात आला.

परवान्याचा सरळ मार्ग एकच. आपण राहतो तिथल्या परवाना अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. पोलिस पडताळणी होते, शस्त्र हाताळण्याच्या सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, कारण पटवून द्यावं लागतं. नकार मिळाला तर कलम १८ खाली अपील करता येतं. हे सगळं वेळखाऊ आहे. पण याच वेळखाऊपणाला कंटाळलेला माणूस एजंटच्या हाती लागतो.

अमेरिकेतल्या मराठी लोकांसाठी

अमेरिकेत चित्र वेगळं आहे. तिथे बंदूक ऑनलाइन निवडून पैसे भरता येतात. मात्र दुकानाची बंदूक थेट घरी येत नाही. ती ग्राहकाच्या राज्यातल्या, केंद्रीय परवाना असलेल्या दुकानात जाते. तिथे जाऊन ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरायचा, पार्श्वभूमीची तपासणी होऊ द्यायची, मग ताबा. विक्रेत्याचा परवाना खरा आहे का, हे पाहायला एटीएफ या केंद्रीय यंत्रणेची ‘एफएफएल ईझी चेक’ ही सोय आहे. परवाना क्रमांकाचे पहिले तीन आणि शेवटचे पाच अंक टाकले की दुकानाचं नाव-पत्ता समोर येतो. म्हणजे ज्या देशात बंदूक सहज मिळते, तिथेही विश्वास ठेवायचा तो परवान्याच्या नोंदीवर, विक्रेत्याच्या गोड बोलण्यावर नाही.

अमेरिकी संसदेसाठी काम करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने तिथली ऑनलाइन बाजारपेठ तपासली होती. २०१७ च्या अहवालानुसार, बंदूक बाळगायला अपात्र असल्याचं भासवून त्यांच्या माणसांनी साध्या इंटरनेटवर ७२ वेळा खरेदीचा प्रयत्न केला. ५६ विक्रेत्यांनी नकार दिला. त्यातले २९ जण बंदूक पार्सलने पाठवायला तयार नव्हते आणि २७ जणांनी ग्राहक अपात्र असल्याचं कळताच माघार घेतली. डार्क वेबवरच्या ७ प्रयत्नांत मात्र २ बंदुका मिळाल्या. यातून जे दिसतं ते सरळ आहे. ज्या विक्रेत्याला गमावण्यासारखं काही असतं, तो नाही म्हणतो. प्रत्येकाला हो म्हणणारा विक्रेता संशयास्पदच.

मराठी मंडळींसाठी महत्त्वाचा मुद्दा व्हिसाचा. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकी केंद्रीय कायद्याने साधारणपणे बंदूक बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असण्यासारखे काही अपवाद आहेत. मित्राच्या नावावर घेणं हा तिथेही गंभीर गुन्हा आहे. आणि तिथे कायदेशीर घेतलेली बंदूक किंवा काडतूस सामानात टाकून भारतात आणता येत नाही. आयातीसाठी इथल्या कायद्याचं कलम १० लागू होतं. बॅगेच्या कप्प्यात विसरलेलं एक काडतूसही विमानतळावर रात्र काढायला पुरेसं असतं.

अशा जाहिराती बंद का होत नाहीत?

फेसबुकने जानेवारी २०१६ मध्येच व्यक्ती-व्यक्तींमधल्या बंदूकविक्रीवर बंदी घातली. नियम आहेत. पण पोस्ट काढली की दुसऱ्या नावाने ती पुन्हा येते, विक्रेते सांकेतिक शब्द वापरतात आणि खरा व्यवहार खासगी चॅटमध्ये सरकतो. भारतीय भाषांतल्या, बोलीतल्या पोस्ट यंत्रणेच्या नजरेतून निसटतात. यात वापरकर्त्यांची सवयही मदत करते. लोक ‘रेट?’ विचारतात, हसण्याचा इमोजी टाकतात आणि प्रत्येक कमेंट ती पोस्ट आणखी लोकांपर्यंत नेते. कमेंट न करता रिपोर्ट करणं, हे कुणालाही जमण्यासारखं काम आहे.

पैसे गेलेच असतील तर?

पहिलं, आणखी पैसे पाठवू नका. ‘शेवटचे पाचशे’ कधीच शेवटचे नसतात.

दुसरं, लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

तिसरं, चॅट डिलीट करू नका. भीतीपोटी बहुतेक जण आधी हेच करतात. पण तुम्ही फसवले गेलात याचा पुरावा त्या चॅटमध्येच आहे. नंबर, प्रोफाइलची लिंक, व्यवहार क्रमांक, स्क्रीनशॉट सगळं जपून ठेवा.

चौथं, ‘पार्सल पकडलंय’ म्हणणाऱ्या वर्दीवाल्याला पैसे देऊ नका. पोलिस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत आणि यूपीआयवर प्रकरण मिटवत नाहीत. ‘डिजिटल अरेस्ट’ अशी कोणतीही तरतूद कायद्यात नाही, हे २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनीही सांगितलं होतं. धमकावून पैसे उकळणं ही खंडणी आहे आणि तो वेगळा गुन्हा आहे.

पाचवं, तक्रारीत व्यवहार कशाचा होता हे लपवू नका. आपण अडचणीत येऊ असं वाटत असेल तर आधी वकिलाशी बोला. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १५१०० या क्रमांकावरही कायदेशीर मदतीची माहिती मिळते. खोटी हकिकत सांगण्यापेक्षा खरी हकिकत वकिलासोबत सांगणं केव्हाही बरं.

आणि चुकून खरंच एखादं शस्त्र घरी येऊन पडलं असेल, तर ते फेकू नका, विकू नका, मित्राकडे ठेवायला देऊ नका. वकिलाचा सल्ला घेऊन तातडीने पोलिसांना कळवा. प्रत्येक दिवसाचा उशीर तुमच्या विरोधात जातो.

धमकी खरी असेल तर?

या सगळ्यात एक माणूस विसरला जाऊ नये. ज्याला खरंच भीती वाटते आहे, तो. त्याने पोस्टखाली ‘रेट’ विचारला असेल, पण त्याला हवी आहे ती सुरक्षितता. अशा माणसासाठी ११२ हा क्रमांक आहे. धमकीची लेखी तक्रार आहे, आणि ती घेतली गेली नाही तर पोलिस अधीक्षकांकडे अर्ज आहे. याच तक्रारीची प्रत उद्या परवान्याच्या अर्जाला कारण म्हणून जोडता येते. बेकायदा पिस्तूल घेतलं तर मात्र उलटं होतं. धमकी देणारा बाहेर राहतो आणि घाबरलेला माणूस आत जातो.

त्यामुळे पुढच्या वेळी ‘ऑल इंडिया डिलिव्हरी’ वाचून बोट थांबलं, तर विक्रेत्याचं प्रोफाइल तपासत बसायची गरज नाही. त्याने तुमचा परवाना मागितला का, एवढं एकच बघा. मागितला नसेल तर रिपोर्ट करा आणि पुढे स्क्रोल करा.